डावी बाही

ता. ९ जून

आत्या,

नमस्कार. पायांना हात लावायला वाकले असते, पण काल लोखंडबाईंनी इतक्या बैठका काढायला लावल्या की आज जिना उतरताना कठडा धरून, तोंड भिंतीकडे करून, आडवी आडवी उतरतेय.

इथे फोन आठवडाभर कपाटात कुलूपबंद असतात, आणि रविवारी तुला लावला की निम्मा वेळ तुझ्या 'ऐकू येतंय का'मध्येच जातो. म्हणून पत्र. शिवाय पार्सल पाठवायचंच होतं. माझं सरावाचं जॅकेट काखेत फाटलंय. इथला शिंपी ज्युदोचं जॅकेट म्हटलं की हात वर करतो, म्हणतो गोधडी शिवणाऱ्याकडे जा. तुझ्या जाड सुईच्या मशीनखाली घाल आणि सवडीनं पाठव.

लोखंडबाई म्हणजे आमच्या नव्या ताकदीच्या प्रशिक्षक. नाव मुलींनी ठेवलंय, त्यांना माहीत आहे आणि आवडतंही. बाई चणीनं एवढ्याशा, पण बारबेल उचलायला वाकल्या की आख्खी व्यायामशाळा बघायला गोळा होते. त्यांनी पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर तीन पुस्तिका ठेवल्या. निळी पुस्तिका म्हणजे जड वजन, थोड्या वेळा, सावकाश. राखाडीत वाळूच्या पिशव्या उचलून चालणं, दोराला लटकणं, धरून उभं राहणं. पिवळीत उड्या, फेका, सगळं झटपट. म्हणाल्या, "तिन्ही चांगल्या आहेत, तिन्ही मी करून बघितल्यात. पण तिन्हीतलं थोडं थोडं करणाऱ्याला फक्त घाम येतो. एक निवडा, का निवडली ते मला सांगा, आणि निवडचाचणीपर्यंत तीच धरून राहा."

माझा जीव पिवळीवर आहे. पण लोखंडबाईंना 'का' सांगायला गेले तर 'आवडते म्हणून' एवढंच सांगता आलं. तिन्ही पुस्तिका पार्सलमध्ये घातल्यात. तू इतकी वर्षं खेळलीस. तूच सांग.

आणि ही चाचणी नेहमीसारखी नाही, हे बाबांनी तुला सांगितलं असेलच. माझ्या वजनगटात जागा एकच. यंदा संघात आले नाही तर हे प्रशिक्षण केंद्र मला ठेवणार नाही, माझं वय झालं त्यांच्या लेखी. समोर आहे ती माझ्याच खोलीतली मुलगी. तिला सगळे घोरपड म्हणतात, कारण तिनं एकदा धरलं की सोडत नाही. माझ्यापेक्षा पुष्कळ लहान आहे, आणि आत्या, काय खेळते. मी तिच्यावर चिडायचं ठरवून रोज मॅटवर जाते आणि टाळ्या वाजवून परत येते.

तुझी,
भिंगरी

---

ता. २० जून

भिंगरे,

जॅकेट मिळालं. काखेत एवढंसंच उसवलं होतं, पण खांदा विरलेला, तोही शिवला, सोबत पाठवतेय. आता माझं ऐक, आणि मध्ये बोलू नकोस, पत्रात ते जमतं म्हणून तर मला पत्र आवडतं.

पुस्तिका चाळल्या. तिन्ही चांगल्या, तुझ्या बाई खरं बोलल्या. पण पुस्तिकेला तू कोण ते माहीत नाही. म्हणून मी जॅकेट बघितलं. तीन क्लबांची जॅकेटं माझ्या दुकानात येतात. माणूस कसा खेळतो ते मला त्याच्या कापडावर दिसतं, त्यात जादू काही नाही, आयुष्यभर एक तर जॅकेटं ओढलीत नाही तर शिवलीत. खात्री करायला तुझ्या काकांना ते घालून दुकानात उभं केलं आणि जिथं जिथं कापड विरलंय तिथं तिथं धरून ओढलं. गिऱ्हाईक आलं, बघितलं, आणि 'नंतर येते' म्हणून गेलं. काका अजून मान चोळतायत.

पहिली गोष्ट, उजव्या खांद्यामागचं कापड ताणून पातळ झालंय. म्हणजे उजवा हात ओढतो तो कसा, तर खांबच उपटतोय जणू. भिंगरे, हे तुझ्यात कधी आलं? तुझी पकड लहानपणी शेवग्याच्या शेंगेसारखी होती. मला इतका आनंद झाला की मी मशीन थांबवून नुसती बसले.

दुसरी, कॉलर मानेमागे घासून गेलीय. शेवटी शेवटी तू वाकतेस आणि समोरची तुला खाली दाबते. हाताच्या जोरावर लढतेस, पाय आणि पाठ मागं राहतात. म्हणून पिवळी नको. निळी घे. जड वजनं, सावकाश, पाय आणि पाठ भक्कम कर. हातांवरचा भार कमी होईल.

तिसरी गोष्ट लिहिताना मला राग येतोय. डाव्या बाजूचं कापड ताणलेलं नाहीच. डावखुरी असून तो हात तू वापरतच नाहीस. आणि डाव्या बाहीत, कोपराच्या आतल्या अंगाला, दुखण्यावरच्या मलमाचा वास आहे. धुऊनसुद्धा गेला नाही, म्हणजे रोज चोळतेस. कोपर दुखतंय आणि तू मला सांगितलं नाहीस, बाईंनाही सांगितलं नसणार. आजच्या आज सांग.

पकडीचं मात्र खरंच कौतुक वाटलं. काकांनाही वाटलं, त्यांच्या मानेला विचार.

आत्या

---

ता. ३० जून

आत्या,

आधी बसून घे.

ते जॅकेट माझं नव्हतं.

आमची दोघींची जॅकेटं एकाच कंपनीची, एकाच मापाची, एकाच दोरीवर वाळत असतात. ओळखायला तिनं कॉलरच्या आत शाईचा एक ठिपका दिलाय. मी घाईत ओढून पिशवीत कोंबलं. तू पाठवलेलं पार्सल उघडलं तेव्हा घोरपड शेजारीच होती. म्हणाली, "अरेच्चा, हे माझं. मी कधीची शोधतेय. आणि कसलं सुरेख शिवलंय." मग तिनं ते अंगात घालून खांदे फिरवले, आरशात पाठ बघितली, आणि तुझ्या शिवणीवरून दोनदा बोट फिरवलं. मी कपाळावर हात मारून घेतला. तुझं पत्र मी अजून तिच्यापासून लपवून, उशीच्या अभ्र्यात ठेवलंय.

म्हणजे तू जिचं कौतुक केलंस ती मी नव्हे. माझी पकड अजून शेवग्याची शेंगच आहे. थोडं रडू आलं, खोटं कशाला बोलू.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. तिचं कोपर दुखतंय हे इथे एकालाही ठाऊक नाही. मला ठाऊक नव्हतं, आणि मी तिच्यापासून हातभर अंतरावर झोपते. आता मला कळलंय. मी डावखुरी. माझी सगळ्यात खात्रीची फेक सुरू होते ती समोरचीची डावी बाही ओढून. चाचणीत ती बाही मी जोरात खेचली तर ती सोडणार, घोरपड असली तरी सोडणार. मी जिंकेन. संघात जाईन. कोणी मला काही म्हणणार नाही, नियमात सगळं बसतं.

दोन दिवस मॅटवर तिच्या डाव्या बाहीकडे बघितलं की माझा हातच पुढे जात नाही. आणि मग राग येतो, की का जात नाही, ही माझी शेवटची संधी आहे.

काय करू?

या वेळी जॅकेट माझंच आहे. मी अंगात घालून बघितलं आणि मगच बांधलं.

भिंगरी

---

ता. ११ जुलै

भिंगरे,

पत्र काकांना वाचून दाखवलं. ते इतके हसले की त्यांची मान पुन्हा धरली. म्हणाले, "तरीच. मी म्हणत होतो, आपली भिंगरी इतकी कधी ओढायला लागली." मला हसू यायला दुसरा दिवस उजाडला. दुसऱ्याच्या मुलीचं इतकं कौतुक मी जन्मात केलं नव्हतं. केलं ते मागे घेत नाही. तिला सांग, किंवा नको सांगू.

आता तुझं जॅकेट. कॉलर जवळजवळ कोरी. पाठ कोरी. पहिल्यांदा मला वाटलं, वा, हिला कोणी धरूच शकत नाही. मग बाह्या बघितल्या. बाह्यांची टोकं पिंजलीत आणि दोन्ही काखा उसवल्यात. ते दुसऱ्या कोणाच्या ओढण्यानं उसवलेलं नाही. ते तुझ्याच हिसड्यानं उसवलंय. कोणी बाही धरली की तू झटका देऊन सुटतेस, पळतेस, पुन्हा येतेस. झटपट आहेस म्हणून आजवर निभावलं. पण चांगली पकडवाली भेटली की तुला तिच्याजवळ उभंच राहता येत नाही.

तुझा जीव पिवळीवर का आहे ते आता मला कळलं. जे येतं तेच आणखी करायला सगळ्यांना आवडतं. मलाही आवडायचं. उड्या तुला येतात. तुला राखाडी हवी. वाळू उचल, दोराला लटक, धरून उभी राहा. हात भरून आले तरी सोडायचं नाही, एवढंच त्या पुस्तिकेत शिकवलंय आणि तेवढंच तुला येत नाही. आणि रोज सराव त्या घोरपडीबरोबर कर. तुझ्या खोलीतच आहे, आणखी काय हवं.

कोपराबद्दल. तू काय करावंस ते मी सांगणार नाही, मॅटवर तू असशील, मी नाही. पण माझ्या मनात काय आहे ते सांगते. त्या पोरीनं जे कोणाला दाखवलं नाही ते माझ्या दुकानातून बाहेर पडलंय. मला ते खुपतंय. गिऱ्हाइकाच्या कापडावर मी काय बघते ते आजवर मी कधी त्याच्या प्रतिस्पर्ध्याला सांगितलं नव्हतं. मला तरी वाटतं, हे तिच्यापासून लपवून तुला नीट झोप लागणार नाही. मला लागत नाहीये.

काखा दुहेरी शिवल्यात. आता उसवल्या तर मला कळेल.

आत्या

---

ता. २ ऑगस्ट

आत्या,

सांगितलं.

कसं सांगावं ते सुचेना, म्हणून तुझं पहिलं पत्रच तिच्या हातात दिलं. ती खाटेवर मांडी घालून बसली, वाचलं, पुन्हा वाचलं. मग म्हणाली, "तुझी आत्या डॉक्टर आहे का?" मी म्हटलं, शिवते. तर म्हणाली, "घरी कळलं असतं तर मला परत नेलं असतं. म्हणून मी कोणाला बोलले नाही." आणि मग ती रडली आणि मीही रडले, आणि शेजारच्या खोलीतल्या मुली दार वाजवून विचारायला आल्या की कोण गेलं.

ती स्वतःच लोखंडबाईंकडे गेली, मी दारापर्यंत सोबत होते. बाई ओरडल्या नाहीत. तिचं कोपर त्यांनी हातात घेतलं, हळूच वाकवलं, सरळ केलं, आणि तिला डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. तुझं पत्रही त्यांनी मागून घेतलं. वाचून म्हणाल्या, "निळी बरोबर आहे. पण जमिनीवरून बार उचलणं आत्ता नको, त्यात कोपर ओढलं जाईल. पट्टा कमरेला बांधून वजन पायांवर घेऊ. हे तुझ्या आत्यांना कळव, त्यांना आवडेल." म्हणून कळवतेय. आणि दुसरं म्हणजे, तुझं पत्र त्यांना स्वतःजवळ ठेवायचं होतं. घोरपडीनं दिलं नाही. म्हणाली, माझं आहे.

मी राखाडी घेतली. लोखंडबाईंनी 'का' विचारलं. मी म्हटलं, मला थांबता येत नाही म्हणून. त्यांनी मान डोलावली आणि वाळूची सगळ्यात बेढब पिशवी माझ्याकडे सरकवली. तिला कुठून धरायचं तेच कळत नाही. मिठी मारून उचलावी तर खाली घसरते, खांद्यावर घ्यावी तर एका बाजूला लोंबते. नाकी नऊ आणलेत तिनं. दोराला लटकले की पहिला आठवडाभर माझे हात आपोआप सुटायचे आणि मी धपकन बसायचे. घोरपड खालून म्हणायची, "आत्यांना कळवू का?" मग मी पुन्हा चढायचे.

तिचा हात बरा होतोय. आता ती मला दोन्ही हातांनी धरते, आणि मी सुटायचा प्रयत्न करत नाही. तिची पकड अंगावर घेऊन उभं राहणं काय आहे ते तुला शब्दांत सांगता येणार नाही. तिच्याकडून मी जेवढं शिकले तेवढं गेल्या कित्येक वर्षांत शिकले नव्हते.

आणि एक ठरवलंय, हे फक्त तुला. चाचणीत मी तिची डावी बाही धरणार नाही. दुसऱ्या बाजूची फेक बसवतेय. अजून नीट बसत नाही, पण बसेल.

भिंगरी

---

ता. १४ ऑगस्ट

भिंगरे,

तुझ्या बाईंना सांग, पट्ट्याचं मला सुचलं नसतं. त्या माझ्यापेक्षा हुशार आहेत आणि मला त्यांचा हेवा वाटतो.

तुझ्या ठरवण्याबद्दल मी काही बोलत नाही. फक्त एवढं लिहिते की पत्र वाचल्यावर तुझा लहानपणचा फोटो, तो मोठ्या माणसाच्या जॅकेटमधला, दुकानात मशीनसमोर लावला.

आत्या

---

ता. २४ ऑक्टोबर

भिंगरे,

दादाचा फोन आला, तू निवडली गेलीस. त्याला बोलवेना, वहिनीनं फोन घेतला, तिलाही बोलवेना. मी ओरडत राहिले, ऐकू येतंय का, ऐकू येतंय का. सगळं ऐकू येत होतं.

ते गेल्या आठवड्यातलं. आज तुमच्या दोघींच्या जॅकेटांचं पार्सल आलं. चिठ्ठीत नुसतं 'दोन्ही दुरुस्तीला'. तुझं आधी काढलं. कॉलर दोन्ही बाजूंनी फाटलेली, म्हणजे तू धरू दिलंस. काखा मी शिवल्या तशाच, एक टाका हललेला नाही. म्हणजे एकदाही हिसडा मारला नाहीस. काकांना हाक मारून दाखवलं.

मग तिचं काढलं. डावी बाही खांद्यापासून उसवलीय. नुसती शिवण नाही, कापडसुद्धा फाटलंय. तिथं धरून कोणी तरी जीव खाऊन ओढलंय, आणि चाचणीत तिच्यासमोर कोण होतं ते मला ठाऊक आहे.

म्हणजे शेवटी तू त्या कोपरावरच गेलीस. नियमात बसतं, होय. जिंकलीस, होय. मी स्वतःच म्हटलं होतं की काय करायचं ते सांगणार नाही. पण मग मला ते ठरवलेलं कशाला कळवलंस? ऑगस्टपासून मी ते पत्र ब्लाउजात घेऊन फिरतेय. गिऱ्हाइकांना सांगितलंय, नाव न घेता, की अशी एक मुलगी आहे.

जॅकेटं शिवून ठेवीन. पाठवायची घाई नाही.

आत्या

---

ता. ५ नोव्हेंबर

आत्या,

नमस्कार. मी घोरपड. तुम्हाला आत्या म्हटलं तर चालेल ना? दुसरं काय म्हणायचं ते मला माहीत नाही.

भिंगरीताई चाचणीच्या दुसऱ्याच दिवशी संघाबरोबर बाहेरगावी सरावाला गेली. तिथे पत्रं पोचत नाहीत. जाताना म्हणाली, आत्याचं पत्र आलं तर तू उघड, काही घाईचं असेल. पार्सल मीच पाठवलं होतं. चिठ्ठीत जास्त लिहायला हवं होतं, पण हरल्यावर मला दोन दिवस काही लिहवत नव्हतं. त्याचा एवढा घोळ होईल असं वाटलं नाही.

तुम्ही जॅकेट बरोबर वाचलंत. बाही तिनंच ओढली. पण ती का ओढली ते कापडावर दिसत नाही, म्हणून मी लिहितेय.

चाचणीच्या आदल्या आठवड्यात सराव करताना माझ्या लक्षात आलं की ताई डाव्या बाजूला येतच नाही. हात तिथपर्यंत येतो आणि मागे जातो. मी विचारलं, तर म्हणाली, काही नाही. मी लोखंडबाईंकडे गेले. त्यांनी माझं कोपर तपासलं, डॉक्टरांचा कागद दाखवला, आणि म्हणाल्या, "पूर्ण बरं आहे. मी शिकवलेल्यांमध्ये इतकं मजबूत कोपर दुसऱ्या कोणाचं नसेल. तिला तसं सांग."

मी सांगितलं. ती म्हणाली, असू दे, मी दुसऱ्या बाजूनं खेळेन, मी आत्याला शब्द दिलाय. तेव्हा मला इतका राग आला आत्या, की मी तिच्याशी दिवसभर बोलले नाही. मी आजारी नव्हते. माझे पाय, माझी पाठ, माझं कोपर, हे सगळं तुमच्या पत्रानं आणि बाईंच्या निळ्या पुस्तिकेनं नव्यानं उभं केलंय, आणि ती मला काचेचं भांडं समजून खेळणार होती. मी तिला म्हटलं, तू माझी डावी बाही धरली नाहीस तर मी जिंकले तरी ते जिंकणं मला नकोय, आणि तुझ्याशी पुन्हा बोलणारही नाही. तुझी खरी फेक माझ्यावर टाक. मला ती थोपवून दाखवायचीय.

तिनं माझं कोपर स्वतः वाकवून बघितलं. मग म्हणाली, "ठीक आहे. पण मग मी सोडणार नाही."

आणि नाही सोडलं. सुरुवातीलाच मी तिची कॉलर दोन्ही हातांनी धरली. पूर्वी एवढ्यावर ती सुटून पळायची. ती उभी राहिली. मी जेवढं ओढत होते तेवढी ती जवळ येत होती. तिनं माझी डावी बाही धरली, मी कोपर आत घेऊन थोपवलं, एकदा, दोनदा, खरंच थोपवलं, कोपर जरासुद्धा दुखलं नाही. मला वाटलं आता ही दमेल. ती दमली होती, श्वास ऐकू येत होता मला, पण हात सुटत नव्हता. बाही फाटल्याचा आवाज सगळ्या सभागृहानं ऐकला. पंचांनी थांबवलं, मला जॅकेट बदलायला लावलं, आम्हाला पुन्हा धरायला सांगितलं. तिनं पुन्हा तीच बाही धरली आणि मला पाठीवर टाकलं. इतकी स्वच्छ फेक माझ्यावर आजवर कोणी टाकली नव्हती. मी खाली पडल्या पडल्या छताकडे बघत हसत होते, लोकांना वाटलं डोक्याला लागलं.

उठवायला तिनंच हात दिला. माझा डावा हात धरून.

मला अजून पुढची वर्षं आहेत. बाई म्हणतात यंदा राखाडी घे, आता तुला तिच्यासारखं दमून उभं राहायला शिकायचंय. वाळूची ती पिशवी ताई जाताना माझ्या खाटेवर ठेवून गेलीय, आणि माझ्या उशीच्या अभ्र्यातून तुमचं पहिलं पत्र काढून नेलंय. मी हरकत घेतली नाही. त्यातलं पकडीचं कौतुक आता तिचंच आहे.

तुम्ही ताईवर रागावू नका. ती परत आली की ती किती छान लढली ते तुम्हीच तिला सांगा, मी सांगितलं तर ती लाजेल आणि ऐकणार नाही. आणि जॅकेटं लवकर पाठवा. माझ्या डाव्या बाहीला दुहेरी शिवण घाला, आतून पट्टीही लावा. पुढच्या वेळीही ती तिथंच धरणार आहे, आणि तिनं तिथंच धरावं अशी माझी इच्छा आहे.

काकांच्या मानेची मी माफी मागते.

तुमची,
घोरपड